कडी आहे का?

गेल्या वर्षी मे महिन्यात माझी मुलगी मुक्ता उन्हाळी शिबिरातून घरी आली की बूटसुद्धा न काढता बाथरूमकडे धावायची. पहिले दोन दिवस मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी तिच्या पाण्याच्या बाटलीकडे लक्ष गेलं. सकाळी भरून दिलेली बाटली दुपारी तशीच काठोकाठ. पाचव्या दिवशी ताप आणि लघवीला जळजळ. डॉक्टरांनी तपासणी करायला सांगितली, इन्फेक्शन निघालं. "पाणी का पीत नाहीस गं?" असं त्यांनी तिलाच विचारलं, तेव्हा साडेसात वर्षांच्या बाईसाहेबांनी अगदी शांतपणे सांगितलं, "प्यायलं की जावं लागतं. आणि तिथल्या दाराला कडी नाहीये."

बारा दिवसांचे साडेनऊ हजार भरले होते. रोबोटिक्स, क्ले, झुंबा, व्यक्तिमत्त्व विकास, वर टी-शर्ट. उरलेल्या सात दिवसांचे पैसे मागितले तर "पॉलिसीत बसत नाही" असं उत्तर आलं. त्या शिबिराचं नाव इथे घेत नाही. कडी बसवायला साठ-सत्तर रुपये लागले असते, एवढं मात्र सांगतो.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरकडे जाऊन ऑडिट करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. साधा बोल्ट घ्यायचा तरी आम्ही व्हेंडरच्या शॉपफ्लोअरवर फिरतो, मोजमापाची उपकरणं शेवटची कधी तपासून घेतली ते विचारतो, रिजेक्ट झालेला माल कुठे ठेवता ते बघतो. आणि पोटच्या पोरीला बारा दिवस परक्यांच्या हवाली करताना मी व्हॉट्सॲपवरचं एक रंगीत पत्रक बघून फोनवरून पैसे पाठवून मोकळा झालो होतो. बायकोनं हे एकदाच बोलून दाखवलं. पुन्हा बोलायची गरज पडली नाही.

म्हणून या वर्षी फेब्रुवारीतच वही काढली.

"शिबिर हवंच कशाला?" हा प्रश्न आईनं विचारलाच. मुक्ताची शाळा मराठी माध्यमाची. एप्रिलमध्ये परीक्षा, 1 मेच्या सुमारास निकाल आणि मग जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी. बायको बँकेत, मी सकाळी सातला कंपनीच्या बसमध्ये. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीतच झालेलं. मामाच्या गावाला जावं तर मामा हिंजवडीत चौदाव्या मजल्यावर राहतो आणि मे महिन्यात त्याच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं रिलीज असतं. म्हणजे शिबिर मुक्तापेक्षा आम्हालाच जास्त हवं होतं. हे एकदा स्वतःशी कबूल केल्यावर बरंच सोपं झालं. पोरीला काय हवंय आणि आम्हाला किती तास हवेत, हे दोन प्रश्न वेगळे झाले. गेल्या वर्षी आम्ही 'नऊ ते पाच' एवढंच वाचलं होतं. पुण्यातली बरीच चांगली शिबिरं दोन-तीन तासांचीच असतात, कारण त्याहून जास्त वेळ त्या वयाच्या पोरांना गुंतवून ठेवणं सोपं नाही. दिवसभराची जी बघितली, त्यांतली काही म्हणजे टी-शर्ट घातलेलं पाळणाघर. पाळणाघराला माझा विरोध नाही, आम्ही ते तीन वर्षं वापरलंय. पण मग त्याला पाळणाघर म्हणावं आणि पैसेही तेवढेच घ्यावेत.

मुक्ताला विचारलं, तुला काय करायचंय? "काहीच नाही." दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. "शिट्टी नको." शिट्टी? मग कळलं, गेल्या वर्षी दर चाळीस मिनिटांनी शिट्टी वाजायची आणि हातातलं टाकून पुढच्या खोलीत पळावं लागायचं. मातीचा बैल करत होती, त्याला शिंगं लावायच्या आधी शिट्टी झाली, तो तसाच राहिला. नऊ महिन्यांनी तिला तो बैल आठवत होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं अटी घातल्या: मैत्रीण ओवी सोबत पाहिजे, स्टेजवर जायला लावायचं नाही आणि कुठेतरी मुंग्या असाव्यात. मुंग्यांचं असं आहे, की ही मुलगी वारज्याच्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कडेला उकिडवी बसून अर्धा तास मुंग्यांची रांग बघते. हिला 'स्टेज डेअरिंग' यायला हवं, असं घरातल्या निदान चार मोठ्या माणसांचं ठाम मत आहे. त्यांतल्या तिघांनी स्वतः कधी माइक हातात धरलेला नाही.

मार्च उजाडला की पुण्यात शिबिरांचा सुकाळ होतो. विजेचे खांब, रिक्षांच्या पाठी, सोसायटीचा ग्रुप, सगळीकडे तेच. वहीत चौदा नावं जमली. मुक्ताची आत्या ज्ञान प्रबोधिनीत शिकलेली, तिनं अर्थातच प्रबोधिनी सुचवली. सारसबागेसमोरच्या गरवारे बालभवनाबद्दल सगळेच चांगलं बोलत होते. पण वारज्याहून सकाळच्या गर्दीत सारसबाग गाठायची आणि दुपारी परत आणायचं, हे कोण करणार? शाळेचे व्हॅनवाले काका सुट्टीत गावाला जातात. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे उन्हाळी उपक्रम मोठ्या वर्गांतल्या मुलांसाठी, ते पाच वर्षांनी बघू. टिळक तलावावरच्या पोहण्याच्या बॅचला बायकोचा होकार होता, मुक्ताचा नव्हता. सेनापती बापट रस्त्यावरच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेचं नाव मी स्वतःच्या हौसेनं लिहिलं होतं, असं बायकोच्या लक्षात आलं. अंतर, वय आणि वेळ या तीन चाळण्यांतून शेवटी पाच नावं उरली. त्या पाचही ठिकाणी स्वतः जायचं ठरवलं.

पहिलं बाणेरच्या बाजूला. एसी हॉल, भिंतीवर जिराफ, आणि समोर बसलेल्या मॅडमच्या तोंडी सारखं 'चाइल्ड सायकॉलॉजी'. मी विचारलं, किती मुलांमागे एक मोठं माणूस? "भरपूर स्टाफ आहे सर." आकडा? "पुरेसा असतो." आमच्याकडे व्हेंडर 'पुरेसं' म्हणाला की आम्ही पेन काढतो. तीन वेळा विचारल्यावर कळलं, पस्तीस मुलांना दोन शिक्षिका आणि 'मदतीला' कॉलेजची मुलं. आठ वर्षांच्या पोरांसाठी दहामागे एक जाणतं माणूस, हा माझा हिशेब आणि कॉलेजची मुलं मी त्यात धरत नाही. ती बिचारी उत्साही असतात, पण दोन पोरांत हाणामारी झाली तर एकाचा व्हिडिओ काढतात. फीचंही तसंच. पत्रकावर साडेसात हजार, समोर बसल्यावर साहित्याचे बाराशे, टी-शर्टचे साडेतीनशे आणि वर जीएसटी. संडास बघायला मागितला तर मॅडम बावरल्या. स्वच्छ होता, पण मोठ्यांच्या मापाचा. पोरांचा हात फ्लशपर्यंत पोचणं शक्य नव्हतं.

दुसरं मुळशीच्या बाजूचं निवासी शिबिर, सहा दिवस, अठरा हजार. जागा अशी की मलाच राहावंसं वाटलं. झिपलाइन, दोरीचा पूल, पलीकडे जलाशय. राज्य सरकारचं 2021 चं साहसी पर्यटन धोरण आहे. असे उपक्रम चालवणाऱ्यांना त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र मागितलं. "प्रोसेसमध्ये आहे." हार्नेस कधी घेतले, दोर कधी बदलले, याची नोंदवही आहे का? नव्हती. पाण्यावर नेता तेव्हा लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची आहेत का? दाखवली ती सगळी नारंगी, सगळी एकाच मापाची. रात्री कुणाला ताप चढला तर कुठल्या दवाखान्यात नेता, गाडी इथेच उभी असते का? तेव्हा तो गृहस्थ मनापासून म्हणाला, "सर, आठ वर्षांत आजवर काही झालेलं नाही." माणूस वाईट नव्हता. पण हे वाक्य मी पंचवीस व्हेंडरांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यातल्या दोघांकडे नंतर प्रेस मशीनमध्ये बोटं गेलेली बघितलीयत.

तिसऱ्या ठिकाणी दुसराच प्रश्न विचारला. हा प्रश्न बायकोचा. माझ्या तोंडून तो निघाला नसता. "एखाद्या मुलानं येऊन सांगितलं की अमक्या दादानं मला नको तिथे हात लावला, तर तुम्ही काय कराल?" समोरचे गृहस्थ आधी लाजले, मग दुखावले, मग म्हणाले, "आमच्याकडे सगळी घरचीच माणसं आहेत. तसं काही झालंच तर आपसात बघून घेऊ." बायको उठलीच. खाली आल्यावर म्हणाली, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा आहे. असं काही कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच त्यात गुन्हा आहे. आपसात बघून घ्यायला हे काय भाऊबंदकीचं भांडण आहे? त्या दिवशी घरी येऊन आम्ही मुक्ताला मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 हा नंबर पाठ करायला लावला. तिनं तो 'दहा-नऊ-आठ' असा चालीत बसवला आणि दोन दिवस घरभर म्हणत फिरली.

चौथं नाट्यशिबिर, सदाशिव पेठेत. ते खरंच चांगलं होतं. शिकवणारी मुलगी पंचविशीतली असेल, पोरांशी बोलताना जमिनीवर बसत होती. मी मुक्ताचं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग तिला या वर्षी नका आणू. तिला वाटेल तेव्हा येईल." फी घेणारं माणूस गिऱ्हाईक परत पाठवतंय, हे मी पुण्यात दुकानांत पुष्कळदा अनुभवलंय, पण इतक्या प्रेमानं पहिल्यांदाच.

पाचवं नाव आमच्या खालच्या मजल्यावरच्या जोशी काकूंनी दिलेलं. कर्वेनगरात एका जुन्या बंगल्यात निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान मिळून वीस मुलांचं शिबिर घेतात. पत्रक नाही. रविवारी सकाळी त्यांचा मुलांचा गट जमतो, तेव्हाच या म्हणाल्या. ही गोष्ट मोलाची. रिकाम्या हॉलमध्ये सगळेच प्रेमळ असतात, पोरं अंगावर धावत असताना माणूस कळतं.

गेलो तर अंगणात चिकूचं झाड, पडवीत काका तीन पोरांना पटाशी धरायला शिकवत होते. एक मुलगा भिंतीला टेकून नुसता बसला होता. मी बाईंना विचारलं, हा का बसलाय? "बसायचं म्हणाला." एवढंच उत्तर. वेळापत्रक एका पाठकोऱ्या कागदावर हातानं लिहिलेलं. सकाळी साडेआठला सुरुवात, दहापर्यंत अंगणात, मग आत. एप्रिलअखेर पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा अंगणाची वेळ कधी आहे हे बघायचंच ठरवलं होतं. अकरा ते साडेअकराच्या समोर लिहिलं होतं, 'काही नाही'. एक वाजता घरी. मी म्हटलं, काही नाही म्हणजे? बाई म्हणाल्या, "म्हणजे काहीच नाही. त्या अर्ध्या तासात ती सगळ्यात जास्त उद्योग करतात."

मग मी विचारलंच. "तुमचा संडास बघू का?" बाईंना काहीच नवल वाटलं नाही. मागच्या बाजूला होता, भारतीय पद्धतीचा, जुन्या पांढऱ्या फरश्यांचा. एक फरशी तडकलेली. बादली भरलेली, टमरेल लहान, नळ पोरांच्या उंचीवर. बेसिनपाशी लाकडी चौरंग, साबण जाळीच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला, म्हणजे खाली पडून घाण होत नाही. दाराला दोन कड्या. एक वर, मोठ्यांसाठी. एक खाली, माझ्या कमरेच्याही खाली, नवी, पितळी. मी ती लावून बघितली, काढून बघितली. सहज सरकत होती. बाई म्हणाल्या, "खालची अशी आहे की बाहेरून नाण्यानं उघडते. एकदा एक पोरगं आत अडकलं होतं." अडकलं होतं, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं.

आमच्या ऑडिटमध्ये 'झालेल्या चुकीनंतर काय बदललं' असा एक रकाना असतो. बहुतेक लोक तो रिकामा सोडतात.

नंतर बाईंनीच मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ॲलर्जी, औषधं, चष्मा हे नेहमीचं झालं. मग म्हणाल्या, "रुसल्यावर तिला एकटीला सोडलेलं आवडतं, की कुणी जवळ बसलेलं?" आठ वर्षं बाप असून मला चटकन उत्तर देता आलं नाही. घरी येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, जवळ बसायचं, पण बोलायचं नाही. मला हे माहीत नव्हतं.

फी तीन आठवड्यांची चार हजार आठशे, डबा आपला. दोन दिवस पाठवून बघा, नाही रमली तर पैसे परत, असं पावतीच्या मागे लिहून दिलं. ओवीचंही नाव घातलं. राहिली दुपार. ओवीची आजी म्हणाली, दोघींना माझ्याकडे सोडा, एक असो की दोन, ओरडायचं तेवढंच आहे. पैशांचं नाव काढलं तर रागावली. शेवटी बायकोनं मार्ग काढला. एफडीच्या व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचे आजी-आजोबांचे फॉर्म एप्रिलमध्ये भरायचेच होते. ते भरणं, पासबुकं छापून आणणं, मुदत संपलेल्या ठेवींचं बघणं, हे सगळं खातं तिनं आपल्याकडे घेतलं. माझ्या मते या व्यवहारात आजींना फायदा झाला. आजींच्या मते आम्हाला.

शिबिर सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एक गंमत झाली. प्रवेशाच्या कागदावर 'मुलीला न्यायला कोण येईल' यासाठी तीन नावं, फोटोसकट, मागितली होती. आम्ही आम्हा दोघांची आणि ओवीच्या आजोबांची दिली. त्या गुरुवारी आजोबांना चक्कर आली म्हणून हिंजवडीच्या मामाला फोन केला. तो बिचारा घरून काम करत होता, स्कूटर काढून आला. दहा मिनिटांत त्याचा मला फोन, "दाजी, अहो ह्या बाई पोरगी देईनात!" मुक्ता मागून ओरडत होती, "अहो बाई, हा माझा सख्खा मामा आहे!" बाई ठाम होत्या. त्यांनी मामाला पडवीत बसवलं, पन्हं दिलं, आणि मला व्हिडिओ कॉल करायला लावला. मग बायकोलाही. दोघांनी तोंडी होकार दिल्यावर त्याच्या आधार कार्डाचा फोटो काढला आणि मगच दोघींना सोडलं. मी त्या वेळी कारखान्यात लाइनवर होतो, माल अडकला होता, पहिला अर्धा मिनिट मला रागच आला. मामा मात्र अजून सांगतो, असं पन्हं चौदाव्या मजल्यावर मिळत नाही.

एका गोष्टीवर बायकोचं समाधान शेवटपर्यंत झालं नाही. शिबिराच्या ग्रुपवर रोजचे फोटो यायचे नाहीत. बाईंचं म्हणणं, फोटो काढत बसलं तर पोरांकडे बघणार कोण. दुपारी बाराला बँकेत बसून मुक्ता काय करत असेल, या विचारानं तिचा जीव वरखाली व्हायचा. गेल्या वर्षी दिवसाला चाळीस फोटो यायचे. सगळ्यांत मुक्ता हसतेय.

मी माझं मोजमाप ठेवलं होतं: बाटली. रोज संध्याकाळी ओवीच्या घरून मुक्ताला आणताना मी आधी तिची स्टीलची बाटली हलवून बघायचो. रिकामी असली की त्या दिवसापुरतं ऑडिट संपलं. शेवटच्या आठवड्यात दोन दिवस वळीव कोसळला. दुसऱ्या दिवशी बाटली हातात घेतली तर जड. भरलेली. माझ्या पोटात गोळाच आला. पायऱ्यांवरच थांबून विचारलं, "मुक्ता, पाणी का नाही प्यायलीस? कडी मोडली का?"

"बाबा, हलवू नकोस ना!"

घरी येऊन झाकण उघडलं. चिकूच्या झाडाखाली फुटक्या कुंडीत साचलेलं पाणी होतं ते. त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या, निदान तीस-चाळीस. त्यांचे डास होताना तिला बघायचं होतं. बाईंनी 'घरी विचार' म्हणून सांगितलं होतं, आणि ती आता रीतसर विचारत होती. आईनं पलंगावरून विचारलं, काय आहे गं त्यात? मुक्तानं नेऊन दाखवलं. महापालिकेचा माणूस आठवड्यापूर्वीच सोसायटीत येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून गेला होता.

अळ्या बायकोनं रात्री, मुक्ता झोपल्यावर, गच्चीवर उन्हाळभर तापलेल्या सिमेंटवर ओतल्या. बाटली तीन वेळा उकळत्या पाण्यानं धुतली. मुक्ता म्हणते वास येतो. शाळेसाठी नवी घेतली, साडेतीनशे रुपये.